पेटी, रुमाल आणि मोबाईल : ठेवलेलं सापडावं म्हणून

"मोबाईलमधी हाय सर, पण सापडना गेलंय."

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या एका वाचनालयात मी टेबलामागं बसतो. तिथं हे वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी कानावर येतं. परवा एक मामा आले. ठिबकच्या अनुदानाचा शासन निर्णय त्यांना कुणीतरी उन्हाळ्यात पाठवला होता. आता कृषी सहायक विचारायलेत की कोणत्या निर्णयाप्रमाणं म्हणता? मामांनी व्हॉट्सॲप उघडलं आणि अंगठ्यानं वर ढकलत राहिले. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे केक, कापसाचा भाव, पुन्हा लग्नपत्रिका, कीर्तनाचा व्हिडिओ. वीस मिनिटं गेली. शेवटी सापडलं, तर बोट ठेवल्यावर मोबाईल म्हणाला, ही फाईल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा. मामांनी ती आली तेव्हा उघडलीच नव्हती, आणि डाउनलोड न केलेली फाईल कुणाची कायम वाट बघत बसत नाही.

त्यांच्यासारख्यांसाठी हे लिहितोय. संगणक यायची गरज नाही. अँड्रॉइड मोबाईल, एक जीमेल खातं आणि वहीचं एक पान एवढ्यावर भागतं.

माझ्या आजोबांची पत्र्याची पेटी होती. तिच्यात निजामाच्या काळातले उर्दू कागद, खासरा पत्रकाची नक्कल, सोसायटीच्या पावत्या, सगळं वेगवेगळ्या फडक्यांत बांधून ठेवलेलं. जुन्या दप्तरात अशा गाठोड्याला रुमाल म्हणत. जमिनीचा रुमाल तांबडा, देण्याघेण्याचा पांढरा, सोयरिकीचा हिरवा. आजोबांना वाचता बेताचंच यायचं, पण लाईट गेलेली असली तरी चाचपून हवा तो कागद काढून द्यायचे. कारण कागद ठेवतानाच तो पुन्हा कधी लागेल हे त्यांनी मनात धरलेलं असायचं. तलाठी दारात आला की तांबडा, सोसायटीचा माणूस आला की पांढरा. या लेखात मला खरं तर एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं बटणांचं काम.

आधी किल्ली कुणाकडं आहे ते बघा

आपल्याकडं बहुतेकांचं जीमेल खातं मोबाईल घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोरानं काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्यानंच टाकला, चिठ्ठीवर लिहून दिला, चिठ्ठी खोक्यात गेली आणि खोकं माळ्यावर. मोबाईल चालतोय तोवर काही अडत नाही. तो फुटला, हरवला किंवा विहिरीत पडला की नव्या मोबाईलवर जुनं खातं उघडत नाही, आणि त्यातलं सगळं असून नसल्यासारखं होतं.

म्हणून पहिलं काम हे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये गूगल असं लिहिलेलं सापडेल, ते उघडा. तुमचा ईमेल पत्ता दिसेल, तो वहीत उतरवून घ्या. मग खात्याच्या सुरक्षा या भागात जाऊन पासवर्ड बदला. तिथंच रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायचा, मोबाईल नंबर दिसतो. तो तुमचा, आज चालू असलेला नंबर आहे का? मी पाहिलेल्या दहापैकी तीन-चार जणांचा तिथं जुन्या सिमचा नंबर निघतो. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते, आणि मग तुमच्या घराची किल्ली परक्याच्या खिशात जाते.

पासवर्ड वहीत लिहू नये असं जाणकार सांगतात. मी सांगतो, लिहा. वही घरात पेटीत ठेवा, मोबाईलच्या कव्हरमागं खोचू नका आणि तिचा फोटो काढू नका. गावाकडं चोरीनं जितकी खाती गेली त्याहून जास्त विसरण्यानं गेलेली मी पाहिली आहेत.

ढाळज वेगळी, बळद वेगळं

जुन्या वाड्यात शिरल्याबरोबर ढाळज लागायची. आला-गेला तिथं बसायचा, पानसुपारी व्हायची, गावच्या बातम्या तिथंच कळायच्या. पण जोंधळा कुणी ढाळजेत ओतत नसे. तो आत, भिंतीतल्या बळदात जायचा.

व्हॉट्सॲप ही ढाळज आहे. टेलिग्राम, फेसबुक, इन्स्टाग्राम याही ढाळजाच. माहिती तिथं येते, तिथं राहू द्यायची नाही. स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय व्हॉट्सॲपनं २०२२ साली दिली, आणि पुष्कळ जण तिथं सगळं ढकलून निवांत झाले. ती सोय वाईट नाही. रस्त्यात, बसमध्ये, हातात पिशवी असताना तिथं टाकावं. पण तीही ढाळजच. तिथून आत न्यावं लागतं.

आत म्हणजे कुठं? माझ्या मते नवख्या माणसाला चार जागा पुरतात, आणि पाचवी घेतली की घोळ सुरू होतो.

फाईल, फोटो, पीडीएफ असेल तर गूगल ड्राइव्ह. हे ॲप बहुतेक मोबाईलमध्ये आधीपासून असतं.

दोन ओळींची टिपणं, फोन नंबर, एखादी लिंक आणि ती का ठेवली याची आठवण, हे गूगल कीपमध्ये. पिवळ्या चिठ्ठ्यांसारखं ॲप आहे, बोलूनही लिहिता येतं.

पुन्हा पुन्हा उघडावी लागणारी संकेतस्थळं, म्हणजे महाभूलेख, महाडीबीटी, बँक, मुलांचं विद्यापीठ, ही ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबलं की चांदणी दिसते, ती दाबायची. दर वेळी गूगलवर नाव टाकून शोधू नका. खऱ्यासारखी दिसणारी खोटी पानं अशाच शोधात गाठतात.

आणि सरकारनं दिलेली कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये. यात एक फरक समजून घ्या, कारण इथंच लोक फसतात. डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झालं. त्यात "इश्यूड" या भागात जे कागद थेट सरकारी खात्याकडून किंवा बोर्डाकडून येतात त्यांना कायद्यानं मूळ कागदाइतकीच किंमत आहे. पण आपण मोबाईलनं फोटो काढून त्यात स्वतः चढवलेला कागद हा फक्त फोटोच राहतो. एका मुलीनं दहावीच्या गुणपत्रिकेचा फोटो चढवून ठेवला होता आणि प्रवेशाच्या वेळी तोच दाखवत होती. बोर्डाचं नाव, वर्ष आणि बैठक क्रमांक टाकून खरी गुणपत्रिका काढायला पाच मिनिटं लागली.

भाजी, धान्य, दागिना

सगळंच साठवायचं नसतं. काही साठवण्याआधी मी मनातल्या मनात विचारतो, ही भाजी आहे, धान्य आहे का दागिना?

भाजी म्हणजे दोन-चार दिवसांत शिळी होणारी माहिती. मोंढ्यातला भाव, पावसाचा अंदाज. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मंगळवारचा सल्ला शुक्रवारी कामाचा राहत नाही. तो साठवू नका, जिथं येतो त्या पानाला चांदणी लावून ठेवा.

धान्य म्हणजे हंगामापुरतं, वर्ष-दोन वर्षांपुरतं. योजना, अर्जाच्या तारखा, शासन निर्णय, परीक्षेचं वेळापत्रक, फवारणीची मात्रा सांगणारं पत्रक. हे साठवायचं, पण तारखेसकट. तारीख नसलेली माहिती कशी घात करते त्याचा आपल्याकडचा ताजा दाखला आहे. एक रुपयात पीक विमा ही सोय २०२३ च्या खरिपात आली. २०२५ च्या खरिपापासून ती बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा टक्क्यांत मोजला जाऊ लागला. तरी "फक्त एक रुपया भरा" असं सांगणारी चित्रं अजून फिरतात. ज्यानं तारीख लिहून ठेवली तो ती बघून पुढं सरकतो, बाकीचे सेवा केंद्रावर जाऊन भांडतात.

दागिना म्हणजे जन्मभर लागणारं. सातबारा, फेरफार, जन्मदाखला, जातीचा दाखला, पदवी, ऑपरेशनचे कागद. याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. त्याबद्दल पुढं सांगतो.

या तिन्हींत न बसणारं जे उरतं, म्हणजे सुविचार, सुप्रभात, कुणाच्या तरी लग्नातला नाच, ते पाहून सोडून द्या. मोबाईल भरला म्हणून जे येतात त्यांच्या मोबाईलमध्ये याचाच ढीग असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात "मॅनेज स्टोरेज" आहे. कोणत्या गटानं किती जागा खाल्ली ते तिथं उतरत्या क्रमानं दिसतं. पहिले दोन गट साफ केले तरी मोबाईल मोकळा श्वास घेतो.

रुमाल किती बांधायचे

ड्राइव्ह उघडा, अधिकच्या खुणेवर दाबा, फोल्डर निवडा आणि नाव द्या. माझ्याकडं सहा आहेत: शेत, घर, शाळा, दवाखाना, पैसा आणि निवडायचं. तुमच्याकडं शेत नसेल तर दुकान असेल. पण सहा-सातच्या वर जाऊ नका. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं करणारी हौशी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांचा कागद सातव्या दारामागं असतो आणि सहाव्या दारापाशी त्यांना फोन येतो.

फोल्डरला रंगही देता येतो. नावापुढची तीन टिंबं दाबली की रंग बदलायची सोय दिसते. माझा शेताचा रुमाल अर्थातच तांबडा आहे. आईला वाचायला त्रास होतो, तिला फोनवर सांगता येतं, "आई, तांबड्यात बघ."

"निवडायचं" हा रुमाल सगळ्यात महत्त्वाचा. घाईत कुठं ठेवावं सुचत नाही तेव्हा इथं टाकायचं. जोंधळे निवडायला सुपात घेतात तसं. व्हॉट्सॲपवर फाईल आली की ती दाबून धरा, शेअर करा, ड्राइव्ह निवडा, फोल्डर "निवडायचं". एवढं तिथल्या तिथं. कागद हातात असेल तर ड्राइव्हमधल्या कॅमेऱ्याच्या खुणेनं स्कॅन करा. साध्या फोटोपेक्षा कडा नीट कापल्या जातात, पानं एकाच पीडीएफमध्ये येतात आणि मागची सतरंजी दिसत नाही.

शाळा या रुमालाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळ्यात मोठा कचरा तिथं साठतो. माझा भाचा लातूरला क्लासला आहे. त्याच्या टेलिग्राममध्ये चौदा चॅनेल आणि मोबाईलमध्ये साडेतीनशे पीडीएफ. मी विचारलं, यातल्या किती उघडल्यास? तो हसला. डाउनलोड केलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं मामा, म्हणाला. खरं बोलला पोरगा. त्याला मी एकच अट घातली: ठेवण्याआधी कीपमध्ये एक ओळ लिहायची, हे मी का ठेवतोय. "मागच्या चाचणीत कार्बनी रसायनशास्त्रात गुण गेले म्हणून." अशी ओळ सुचत नसेल तर ती फाईल तुझी नाही. साडेतीनशेच्या चाळीस झाल्या.

दवाखान्याच्या रुमालात मात्र माणसागणिक एक पोटफोल्डर करा, तेवढी सूट. आई, बाबा, मी. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीची साखर विचारली की दवाखान्याच्या बाकावर बसून सगळ्या घरादाराचे रिपोर्ट चाळायची वेळ येऊ नये.

नाव ठेवणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आलेल्या फाईलचं नाव आकड्या-अक्षरांचं गबाळ असतं, त्यावरून ब्रह्मदेवालाही काही कळणार नाही. नाव बदलायला दहा सेकंद लागतात.

माझी पद्धत अशी: आधी तारीख, मग वस्तू, मग कुणाची किंवा कुठली. तारीख उलटी लिहायची, वर्ष, महिना, दिवस. म्हणजे "२०२५-०९-२३ सातबारा गट १४२". असं लिहिलं की फाईली आपोआप काळाच्या ओळीत उभ्या राहतात. दिवस आधी लिहिला तर जानेवारीच्या शेजारी ऑगस्ट येऊन बसतो.

वस्तूचं नाव कसं लिहायचं? शोधताना तुमच्या तोंडात जो शब्द येईल तो. मामांचा तो ठिबकचा निर्णय आम्ही शेवटी शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा मिळवला. मी नाव देऊ लागलो, "सूक्ष्म सिंचन योजना अनुदान शासन निर्णय". मामा म्हणाले, "आसं कोण म्हनतंय सर? ठिबकचा मोठा कागद म्हना." तेच नाव दिलं. दोन दिवसांनी त्यांनी माझ्यासमोर मोबाईलला तोंडानं सांगून तो काढला.

मराठीत शोधण्याच्या काही खोड्या आहेत, त्या माहीत हव्यात. पीकविमा, पिकविमा, पीक विमा हे तुम्हाला एकच वाटतं, यंत्राला तीन वाटू शकतात. एक रूप ठरवा, तेच सगळीकडं लिहा. देवनागरी सात आणि इंग्रजी सात हेही त्याला दोन वेगळे आकडे वाटू शकतात. ७/१२ असं लिहायचा मोह होतो, पण ती मधली तिरपी रेघ संगणक फाईलच्या नावात घेत नाही, म्हणून सातबारा असं अक्षरांतच लिहा. आणि खास आपल्या भागाची अडचण: औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव अशी अधिकृत नावं २०२३ मध्ये झाली. त्याआधीचे कागद, निकाल, जाहिराती जुन्या नावानं आहेत, नंतरचे नव्या. तुमची राजकीय मतं काहीही असोत, शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. ठेवताना मी नावात दोन्ही लिहितो.

शासन निर्णयाला तर जन्मखूण असते. त्यावर अठरा आकडी सांकेतांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख, आपल्या पद्धतीसारखीच उलटी. तो सांकेतांक कीपमध्ये उतरवून ठेवला की फाईल हरवली तरी शासनाच्या संकेतस्थळावर तेवढा आकडा टाकून निर्णय पुन्हा मिळतो. कुणी "नवा जीआर आलाय" म्हणून चित्र पाठवलं तर आधी सांकेतांक मागा. खऱ्या-खोट्याचा निकाल तिथंच लागतो.

एक सूचना अर्ज भरणाऱ्यांसाठी. अनेक सरकारी अर्जांना मराठी नावाची किंवा मोठ्या आकाराची फाईल चालत नाही, ठरावीक केबीच्या आतलीच लागते. म्हणून फोटो, सही आणि दाखले यांची एक छोटी, इंग्रजी नावाची प्रत वेगळी करून ठेवा. शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला फाईल लहान करायला बसण्यासारखा दुसरा मनस्ताप नाही.

पानाची लिंक ठेवू का पानच?

दोन्ही. लिंक हा पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावरचं घर उद्या तिथं असेलच असं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये मोजून पाहिलं, तर २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उरलेली नव्हती.

कामाचं पान दिसलं तर क्रोममध्ये शेअर दाबा, त्यात प्रिंट, आणि प्रिंटरच्या जागी "पीडीएफ म्हणून सेव्ह करा" निवडा. ती पीडीएफ ड्राइव्हमध्ये. पान फारच मोलाचं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही त्याची प्रत टाकता येते. तिथं "सेव्ह पेज नाऊ" या चौकटीत पत्ता चिकटवायचा, की त्या दिवशीचं पान जसंच्या तसं जगासाठी नोंदलं जातं. वादातल्या जाहिराती, निवड याद्या, नंतर गुपचूप बदलणारी पानं यांच्यासाठी हे हत्यार उत्तम. लॉगिन करून दिसणारी किंवा खासगी पानं मात्र तिथं टाकायची नाहीत.

सातबाऱ्याचं जरा वेगळं आहे. महाभूलेखवर फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी. कामाला चालतो तो डिजिटल सहीचा, त्याला १५ रुपये लागतात. पेटीत तो ठेवा. पण सातबारा बदलत असतो, म्हणून नावातली तारीख इथं सगळ्यात जास्त कामाला येते. ई-पीक पाहणी केल्यावर पडद्यावर जी नोंद दिसते तिचाही लगेच स्क्रीनशॉट काढा आणि शेताच्या रुमालात टाका. नंतर "पाहणी झालीच नाही" असं कुणी म्हणालं तर तोंडी सांगून भागत नाही.

वर्तमानपत्राचं कात्रण किंवा फलकाचा फोटो असेल तर गूगल लेन्सनं त्यातली अक्षरं उचलता येतात, देवनागरीसुद्धा. ती कीपमध्ये चिकटवली की फोटोतली माहिती शब्दानं शोधता येते. छापील अक्षर बहुतेक नीट येतं, हातचं अक्षर नशिबावर. जुन्या सरकारी पीडीएफमधून मजकूर उचलला तर कधीकधी भलतीच अक्षरं येतात. तुमचा मोबाईल बिघडलेला नसतो, ती पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलेली असते. तिचाही फोटो काढून लेन्स लावा, काम होतं. मोडी आणि उर्दू कागदांचं मात्र वाचणाऱ्या माणसाशिवाय चालत नाही. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ साली आमच्या गल्लीतल्या कितीतरी पेट्या उघडल्या, तेव्हा वाचकांना शोधत लोक पार नांदेडपर्यंत गेले. असे कागद पाठीमागूनपुढून दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, शिक्के बहुधा मागं असतात.

व्हिडिओ डाउनलोड करू नका, जागा खातात. यूट्यूबवर आपली यादी करा आणि कीपमध्ये कामाची वेळ लिहा: "पंप खोलायचा, ७ मिनिटं २० सेकंदांपासून". तासाभराच्या व्हिडिओत आपल्याला हवं ते दीड मिनिटाचं असतं.

बाजाराचा दिवस

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं. मी बाजाराच्या दिवशी बसतो, कारण तो दिवस विसरला जात नाही. "निवडायचं" उघडायचं. एकेक फाईल बघायची: भाजी असेल तर पुसायची, धान्य-दागिना असेल तर नाव देऊन आपापल्या रुमालात. पंधरा मिनिटांत सूप रिकामं झालं नाही तर तुम्ही आठवड्यात जरुरीपेक्षा जास्त गोळा केलंय, पुढच्या आठवड्यात हात आवरा. एक आठवडा चुकला तर चुकला. तीन चुकले तर मागचं सगळं एका फोल्डरात टाकून "जुनं" नाव द्या आणि नव्यानं सुरू करा. मागचा ढीग उपसत बसलेला माणूस चौथ्या आठवड्यात सगळंच सोडून देतो.

दुसरी प्रत

२०२५ च्या सप्टेंबरात पुराचं पाणी मराठवाड्यातल्या घराघरांत शिरलं, तेव्हा धान्यासोबत दप्तरंही भिजली. कागद भिजतो, मोबाईल फुटतो, खातं अडकतं. तिन्ही एकाच दिवशी होत नाहीत, म्हणून दागिन्याच्या प्रती वेगवेगळ्या जागी.

गूगल खात्यात फुकट १५ जीबी जागा मिळते, आणि ती ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो मिळून असते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की ईमेल यायचे थांबतात, आणि नेमकं तेव्हाच मुलाखतीचं पत्र यायचं असतं. म्हणून व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, तशी खूण सेटिंगमध्येच आहे.

दुसरी प्रत पेनड्राइव्हवर. मोबाईलला थेट लागणारा पेनड्राइव्ह कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळतो. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि खंडेनवमीला, दागिन्यांच्या फाईली त्यावर उतरवतो. अवजारांची पूजा करायची तर यांची का नको! पेनड्राइव्ह मी बहिणीच्या घरी जिंतूरला ठेवतो. तोही कधीतरी मरतो, म्हणून नव्या प्रती टाकताना जुन्या उघडून बघायच्या.

ज्या फाईली रेंज नसताना लागणार आहेत त्यांच्यापुढची तीन टिंबं दाबून "ऑफलाइन उपलब्ध" करून ठेवा. तहसीलच्या जाड भिंतींत नेट पोचत नाही.

कोणत्याही ॲपवर जीव टाकू नका. लेख नंतर वाचायला साठवणारं पॉकेट हे नावाजलेलं ॲप २००७ पासून चालत आलेलं, मोझिलासारख्या मोठ्या संस्थेनं घेतलेलं, तरी ८ जुलै २०२५ ला बंद झालं. त्यांनी आधी सांगितलं, यादी काढून घ्यायला मुदतही दिली. दर वेळी एवढी सभ्यता वाट्याला येईल असं नाही. नवं ॲप घेण्याआधी एकच बघा: यातलं माझं सगळं एका झटक्यात बाहेर काढता येतं का? गूगलमध्ये त्यासाठी टेकआउट आहे. क्रोमचे बुकमार्क संगणकावर एका फाईलमध्ये उतरवता येतात.

पीएचडी करणाऱ्यांनी संदर्भांसाठी झोटेरो शिकून घ्यावं, फुकट आहे आणि २००६ पासून टिकून आहे. ज्यांना टिपणं एकमेकांना जोडायची हौस आहे त्यांना ऑब्सिडियन आवडेल, त्यातली टिपणं साध्या मजकुराच्या फाईलीत आपल्याच यंत्रावर राहतात. बाकीच्यांनी पहिलं वर्षभर तिकडं फिरकू नये.

झेरॉक्सच्या दुकानात

आपण प्रिंट काढायला आधार, पॅन, पासबुक दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि निघून येतो. ते तिथंच राहतं. प्रिंट हातात आली की तिथल्या तिथं तो मेसेज "सर्वांसाठी डिलीट" करा आणि त्याच्या संगणकावर उतरवलेली फाईल पुसायला सांगा, समोर उभं राहून. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. जिथं चालेल तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून तो फुकट निघतो.

गटावर "पीएम किसान" किंवा "आरटीओ चलन" अशा नावाची फाईल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असं असेल तर तिला हात लावू नका, पाठवणारा सख्खा चुलता असला तरी. त्याचा मोबाईल आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो. खरा कागद पीडीएफ किंवा चित्र असतो, तो कधी ॲप बनून येत नाही.

बँकेचा पिन, पासवर्ड कीपमध्ये लिहायचे नाहीत. त्याला वही.

दुसरी किल्ली

आजोबांच्या पेटीची दुसरी किल्ली आजीच्या कमरेला असायची. शेत, घर आणि दवाखाना हे तीन रुमाल ड्राइव्हमध्ये घरातल्या एका माणसाला शेअर करा. बायको, मुलगी, भाऊ, ज्याच्यावर भरवसा आहे त्याला. फोल्डरच्या तीन टिंबांत शेअर आहे, त्याचा ईमेल टाका आणि आधी फक्त बघायची परवानगी द्या. "लिंक असलेल्या कुणालाही" हा पर्याय निवडू नका.

दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल खातं मिटवून टाकू शकतं, असा नियम आहे. पुण्याला गेलेल्या पोरानं वडिलांच्या नावानं काढलेलं आणि मग विसरलेलं खातं असं जातं. अशा खात्यात अधूनमधून शिरून यायचं. आणि गूगलच्या खात्यातच "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" आहे. खातं किती महिने थंड राहिलं तर कुणाला कळवायचं आणि त्याला काय काय उघडून द्यायचं, हे तिथं लिहून ठेवता येतं. मी बहिणीचं नाव टाकलंय, मुदत सहा महिन्यांची. तिला फोन करून सांगितलं, तर आधी रागावली, मग म्हणाली, माझ्या मोबाईलमधी बी करून दे.